एन लाइन की रेसर : सावद्याच्या घरासाठी कोणती?

सावद्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. घरी केळीची बाग, नोकरी जळगावला. रोज भुसावळमार्गे जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, शिवाय महिन्यातून एकदा पुण्याला बहिणीकडे. घरात आई आणि आबा, आबांचे गुडघे दुखतात. बजेट साडेआठ लाख, म्हणून सेकंडहँडच घ्यायची. डोळ्यांसमोर दोन गाड्या आहेत, ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर, दोन्ही २०२४ च्या. एन लाइनमध्ये एक मॅन्युअल आणि एक ऑटोमॅटिक अशा दोन पाहून झाल्यात. "काका, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. मग घेऊ कोणती?"

भाऊ, कागदावर सारख्या दिसतात, कारण कागदावर त्या खरंच सारख्या आहेत. एन लाइनचं इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडर, टर्बो, ताकद १२० पीएस आणि ओढायचा जोर १७२ न्यूटन-मीटर. रेसरचं ११९९ सीसीचं, तेही तीन सिलिंडर, तेही टर्बो, १२० पीएस आणि १७० न्यूटन-मीटर. दोन्हींना सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, दोन्हींची टाकी ३७ लिटरची, दोन्ही चार मीटरच्या आत. दोन न्यूटन-मीटरवरून कोणी पारावर वाद घालत असेल तर घालू दे, तू चहा पी. फरक कागदावर नाही. तो आहे आपल्या उन्हात, आपल्या रस्त्यावर, मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसांत. आणि सेकंडहँड घेतोयस म्हणून सगळ्यात जास्त, गाडीच्या पहिल्या मालकात.

मी सत्तावीस वर्षं भुसावळला गॅरेज चालवतोय. त्याआधी अमळनेरला ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे बघायला जायचे. एकही घोडा त्यांनी कधी घेतला नाही, पण बघायला मात्र जायचेच. ते म्हणायचे, "घोडा लेताना धनीबी देखना पडस." टर्बो गाडीला हे वाक्य जसंच्या तसं लागू पडतं. त्याकडे शेवटी येतो.

आधी थोडं टर्बोचं. साध्या आय-ट्वेंटीचं बिनटर्बोचं १.२ इंजिन आपला पूर्ण जोर, म्हणजे साधारण ११५ न्यूटन-मीटर, ४२०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ४२०० फेऱ्यांना देतं. एन लाइन १७२ चा जोर १५०० आरपीएमपासूनच द्यायला लागते आणि ४००० पर्यंत तो धरून ठेवते. रेसर १७५० पासून ४००० पर्यंत. म्हणून फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढताना पुढे मालाने भरलेला ट्रक आला, तर साध्या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये ओरडावं लागतं आणि या दोन्ही तिसऱ्यातच निघून जातात. पण १५०० च्या खाली दोन्ही इंजिनं झोपलेली असतात. बाहेर जाणारा धूर टर्बोची चक्की फिरवतो आणि ती इंजिनात जास्त हवा दाबून भरते. धूरच कमी असेल तर चक्की फिरणार कशी? गतिरोधकावरून तिसऱ्यात रखडत गाडी काढायची आणि "पिकअप नाही" म्हणायचं, ही तक्रार माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येते. गाडीला काही झालेलं नसतं, गिअर खाली घ्यायचा कंटाळा असतो. १५०० आणि १७५० मधलं हे २५० आरपीएमचं अंतर छोटं वाटतं, पण गावातून गाडी हाकताना जाणवतं. एन लाइन लवकर जागी होते, रेसरला एक गिअर खाली न्यावं लागतं. एकदा का ती २००० च्या वर गेली की मग दोघींत डावं-उजवं करता येत नाही.

आता ऊन. मुंबई-पुण्याच्या लोकांनी केलेल्या तुलनेत हे नसतं, कारण त्यांच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकत नाही. हवा तापली की विरळ होते. वीस अंशांच्या हवेच्या तुलनेत पंचेचाळीस अंशांची हवा सुमारे ८ टक्के विरळ असते. टर्बो ती दाबून भरतो, पण दाबली की ती आणखी तापते. तिला थंड करायला इंटरकूलर असतो, आणि बाहेरच्या हवेपेक्षा थंड तर तोही करू शकत नाही. तापलेल्या हवेने इंजिन ठोकायला, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून खडखडायला लागू नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो आणि गरज पडली तर दाबही कमी करतो. म्हणून मेच्या दुपारी जळगावच्या अजिंठा चौफुलीवर दहा मिनिटं अडकून बाहेर पडलास की दोन्ही गाड्या पहिली दोन-तीन मिनिटं सुस्त वाटतील. महामार्गावर वारा लागला की पूर्ववत होतील. हा दोष नाही. त्यासाठी घाबरून गाडी गॅरेजला आणू नकोस, आणि कोणी "सेन्सर बदलावा लागेल" म्हणालं तर लगेच पैसेही देऊ नकोस.

दोष होतो तो वेगळ्या कारणाने. आपल्याकडे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत कापसाचा हंगाम. उघड्या ट्रॉल्यांतून उडालेला कापूस, जिनिंगच्या रस्त्यावरची रुई आणि धूळ मिळून रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीवर गोधडी तयार होते. बाहेरून बंपरमुळे दिसत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा पुढची जाळी उघडून कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घे. फुल प्रेशर मारलंस तर पात्या वाकतील. एअर फिल्टरही त्याच वेळी पाहा. हे एवढंसं काम केलं की उन्हाळा सोपा जातो, गाडी कोणतीही असो.

उन्हाच्या बाबतीत रेसरकडे एक गोष्ट आहे जिला मी आधी हसलो होतो. तिच्या वरच्या आर-थ्री प्रकारात पुढच्या सीटमधून हवा येते. मला वाटलं होतं, शोरूममधली करामत. मग एका गिऱ्हाइकाची गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात मुक्ताईनगरपर्यंत चालवून पाहिली. पाठीला शर्ट चिकटला नाही. तू रोज नव्वद किलोमीटर करणार आहेस, परतीला पाच वाजता निघालास तरी सीट तव्यासारखी असते. एन लाइनमध्ये ही सोय नाही. तिच्यात बोसचे स्पीकर आहेत, पण त्यांनी पाठ थंड होत नाही.

इंजिनांतला एक फरक मात्र कागदावर बारीक अक्षरात असतो आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एन लाइनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, फार मोठ्या दाबाने. त्यालाच जीडीआय म्हणतात. रेसरचं इंजिन जुन्या पद्धतीचं आहे. पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, आत जाणाऱ्या हवेच्या वाटेत सोडलं जातं. थेट फवाऱ्याने कमी सीसीतून तेवढाच जोर निघतो, इंजिन चपळ होतं. पण दोन गोष्टी मागे लागतात. एक, दाबाचा पंप आणि इंजेक्टर नाजूक, भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं पेट्रोल त्यांना चालत नाही आणि ते बदलणं महाग. दोन, हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा होत नसल्यामुळे त्यांच्या मागच्या बाजूला काजळी साचत जाते. हे काही पहिल्या वर्षात होत नाही. गाडी फक्त गावात, थंड इंजिनावर, दोन-दोन किलोमीटर फिरवली तर लवकर होतं. तुझी गाडी रोज महामार्गावर तापणार असल्याने तुला ही भीती कमी. रेसरच्या इंजिनात व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जातात, त्यामुळे ही भानगडच नाही. थोडं जाडंभरडं इंजिन आहे ते. आवाजही तसाच, सुरुवातीला स्टिअरिंगला थरथर जाणवते. एन लाइनचं गुळगुळीत. बॉनेट उघडल्यावर टिकटिक ऐकू येईल, ती इंजेक्टरची, तिला दचकू नकोस.

आबांनी "सीएनजी लावता येईल का" असंही विचारलंय म्हणालास. एन लाइनला नाही, विषयच सोड. थेट फवाऱ्याच्या इंजिनाला बाहेरून किट लावायच्या नादी लागू नकोस. रेसरच्या घराण्यातलंच टर्बो इंजिन टाटाने २०२४ मध्ये नेक्सॉनला कंपनीच्या सीएनजीसह दिलं, हे खरं. पण त्याचा अर्थ भुसावळच्या कोणीही किट आणून रेसरला बसवावं असा होत नाही. वॉरंटी जाते, विम्यात वाद होतो, आणि डिक्कीत टाकी बसली की आपलं सामान कुठे ठेवणार?

इथे आबांच्या बाजूने एक गोष्ट बोलतो, तुला आवडणार नाही. रोज नव्वद, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर २२५०. पुण्याची फेरी आठशे. म्हणजे महिन्याला तीन हजार, वर्षाला ३६ हजार किलोमीटर. एवढ्या चालवण्याला टर्बो पेट्रोल हा हौसेचा सौदा आहे, हिशेबाचा नाही. नुसता हिशेब असेल तर त्याच अल्ट्रोझचं दीड लिटरचं डिझेल बघ, ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटर. घाटात तीही कोणाला ऐकत नाही. पण तू विचारलंस टर्बो पेट्रोलचं, वय तुझं सव्वीस, पगार तुझा. मी सव्विसाव्या वर्षी राजदूत घेतली होती, तिचं एव्हरेज कोणी विचारलं तर मी विषय बदलायचो.

एव्हरेजचं सरळ सांगतो. या दोन्ही गाड्यांचं एव्हरेज उजव्या पायात असतं. ८०-९० ने शांत चालवलं तर १८ च्या आसपास, प्रत्येक ट्रकला दाबून ओव्हरटेक केलं तर १५ किंवा खाली. तुझ्या तीन हजार किलोमीटरला १८ ने १६७ लिटर लागतात, १५ ने २००. तेहतीस लिटरचा फरक, पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार रुपये पायाखाली गेले. गाड्यांत एकमेकींत फरक एवढा नाही, एन लाइन थोडी पुढे. त्यात आता पंपावर ई-२० आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून वीस टक्के मिसळलं की इंधनातली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. पाच-दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी तुलना करून कोणाला शिव्या देऊ नकोस. दोन्ही गाड्या एप्रिल २०२३ नंतरच्या असल्यामुळे त्यांचे पाइप-रबर ई-२० चालेल असेच बनलेत. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याचा गुण जास्त असल्याने टर्बो इंजिनाला ते ठोकण्याच्या बाबतीत थोडं सोयीचंच पडतं.

गिअरबॉक्सकडे येऊ. ऑटोमॅटिक एन लाइन तुला चालवून फार आवडली असं तू लिहिलंस. आवडणारच. सात गिअरचा डबल क्लचचा बॉक्स आहे, महामार्गावर लोण्यासारखा चालतो. पण त्यातले दोन्ही क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. थांब-चाल रहदारीत, ब्रेक अर्धा सोडून गाडी सरकवत राहिलं की ते तापतात. आपल्या उन्हात तर आणखी. जळगावात आकाशवाणी चौक ते इच्छादेवी चौक हे अंतर संध्याकाळी सहा वाजता रोज कापायचं असेल आणि गाडी आधीच कोणीतरी ३० हजार चालवलेली असेल, तर मी सेकंडहँडमध्ये तो बॉक्स घेणार नाही. नवी घेतली असतीस, वॉरंटी हातात असती, तर गोष्ट वेगळी. मॅन्युअल घे. २०२३ च्या सप्टेंबरात गाडीचं रूप बदललं तेव्हापासून एन लाइनला तीन पेडलचा सहा गिअरचा बॉक्स मिळतो. त्याआधीच्या गाडीत आयएमटी होता, म्हणजे क्लचचं पेडल नाही पण गिअर हातानेच टाकायचे. ते प्रकरण कोणी स्वस्तात देतो म्हणालं तर नीट विचार कर. मॅन्युअलमध्ये एन लाइनचा क्लच हलका, गिअर बोटाने पडतात. रेसरचा गिअर थोडा लांब जातो, हात टाकून टाकावा लागतो.

आता रस्ता. तापीचा पूल ओलांडला की सावद्या-फैजपूरकडचा आपला भाग काळ्या जमिनीचा. ही माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन वर्षांत लाटेसारखा होतो. खड्डा नसतो, पण गाडी होडीसारखी वर-खाली होते. तिकडे भुसावळजवळ तरसोद-चिखलीचा चौपदरी लागला की गाडी आपोआप शंभरावर जाते. एकाच दिवसात हे दोन्ही रस्ते तुला मिळणार. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा मुद्दाम कडक केलेलं आहे, स्टिअरिंगही जडसर. चौपदरीवर आणि घाटाच्या वळणात ती रस्त्याला चिकटून राहते, आणि खरं सांगू का, चालवणाऱ्याला तीच गाडी मजा देते. मला एकट्याला तोरणमाळचा घाट चढायचा असेल तर मी डोळे झाकून एन लाइनची चावी उचलेन. पण मागे आबा बसलेत आणि रस्ता फैजपूरचा आहे, मग वेगळं. रेसर लाटा जास्त चांगल्या पचवते, आवाजही कमी येतो खालून. टायरही पाहा. एन लाइनला १९५/५५ आर१६, रेसरला १८५/६० आर१६. बाजूच्या भिंतीची उंची मोजली तर एन लाइनची १०७ मिलिमीटर, रेसरची १११. चार मिलिमीटर म्हणजे काही गादी नव्हे, पण खड्ड्यात रिम वाकायचा धोका तेवढा कमी. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपास. दुपारी तापलेल्या टायरमध्ये जास्त दिसते म्हणून काढून टाकायची आणि मग टायर थंड झाल्यावर कमी हवेवर चालवायची, ही चूक आपल्याकडे फार होते.

आबांच्या गुडघ्यांचं. दोन्ही गाड्या बसायला खाली आहेत, दोन्हींत थोडं वाकावं लागतं. पण अल्ट्रोझचे चारही दरवाजे पूर्ण ९० अंशांत उघडतात. म्हातारं माणूस आधी सीटवर टेकून मग पाय आत घेऊ शकतं. हे शोरूममध्ये कोणी मुद्दाम दाखवत नाही. आबांना नेऊन दोन्हींत स्वतः बसवून, उतरवून पाहा. पाच वेळा. दोन्ही गाड्यांत मागे तिघं कोंबण्याचा विचार करू नकोस, दोन माणसं आरामात.

डिक्की रेसरची ३४५ लिटर, एन लाइनची ३११. पुण्यातला माणूस याला सूटकेसच्या हिशेबात मोजेल. आपण पुण्याला बहिणीकडे जातो तेव्हा डिक्कीत काय असतं? भरिताच्या वांग्यांचं अर्धं पोतं, केळीचा घड, कळण्याचं पीठ, पापडाचा डबा, आणि परत येताना तेच डबे रिकामे. चौतीस लिटरमध्ये पापडाचा डबा आडवा न ठेवता उभा राहतो. आई कोणत्या बाजूने मत देईल हे तुला सांगायला नको.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, कारण ते सोडून पुढे जाणं बरं नाही. मूळ अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला पाच तारे मिळाले. आय-ट्वेंटीला २०२२ मध्ये तीन, आणि तिच्या सांगाड्याला त्यांनी अस्थिर म्हटलं होतं. त्या वेळी तपासलेल्या गाड्यांत दोनच एअरबॅग होत्या. २०२४ च्या तू पाहतोयस त्या दोन्हींत सहा-सहा आहेत. एअरबॅगची संख्या वाढली म्हणून पत्रा बदलत नाही, एवढं लक्षात ठेव. आपल्याकडे रात्री मागचा दिवा नसलेली केळीची ट्रॉली समोर येते, रानडुक्कर येतं, नीलगाय येते. माझं मत इथे अल्ट्रोझच्या बाजूला झुकतं आणि मी ते लपवत नाही. एन लाइनचं म्हणणं असं की तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, रेसरला मागे ड्रम. अजिंठा उतरताना सतत ब्रेक लागतात तेव्हा डिस्क लवकर थंड होतात, हा फायदा खरा. एकदाच जोरात दाबल्यावर मात्र थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं आणि टायर करतात. आणि घाट उतरताना ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. छोट्या इंजिनाची रोखून धरायची ताकद कमी असते, न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचे ब्रेक तापणारच, डिस्क असोत की ड्रम.

देखभालीला दोन्हींची वर्कशॉपं जळगावात आहेत. रेसरचं इंजिन नेक्सॉनशी नातं सांगणारं, एन लाइनचं व्हेन्यूमध्येही चालतं. म्हणून पार्ट मिळत नाहीत अशी वेळ सहसा येणार नाही. बंपर आणि एन लाइनचे खास तुकडे मात्र मागवावे लागतात. इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, फुल सिंथेटिक. टर्बोची दांडी मिनिटाला लाखावर फेरे घेते आणि तिच्या बेअरिंगला या ऑइलखेरीज कोणी वाली नाही. कंपनी दहा हजार म्हणते. माझा नियम आपल्या धुळीत आणि उन्हात साडेसात-आठ हजारांचा. चार वर्षांपूर्वी एकाने ओळखीच्या दुकानातून डब्यातलं सुटं ऑइल टाकून घेतलं होतं. वाचवले नऊशे रुपये. सात महिन्यांनी सायलेन्सरमधून निळा धूर घेऊन आला, टर्बो गेलेला. बिल किती झालं ते त्याच्या बायकोला अजून माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. सकाळी पहिले दोन किलोमीटर रेस देऊ नकोस. महामार्गावरून दामटून आल्यावर चावी फिरवण्याआधी अर्धं-एक मिनिट इंजिन तसंच चालू दे, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल जळून बसणार नाही. घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर सावकाश आलास तर तेवढीही गरज नाही.

किमतीचं एक बोलतो, इथे तू फसशील. रेसर जून २०२४ ला आली तेव्हा शोरूमला ९.४९ लाखांपासून १०.९९ पर्यंत होती, एन लाइन २०२३ च्या बदलानंतर ९.९९ पासून. विकणारा हीच जुनी बिलं दाखवून "दोनच लाख उतरवलेत" म्हणेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससह २९ टक्क्यांवरून १८ वर आला. या दोन्ही गाड्या त्यात बसतात. म्हणजे जी गाडी तेव्हा करासकट दहा लाखांची होती ती त्याच मूळ किमतीला आज ९.१५ च्या आसपास पडेल. म्हणून भाव त्या जुन्या बिलावरून नाही, आजच्या नव्या गाडीच्या भावावरून खाली मोजायचा. हा एक मुद्दा शांतपणे मांड, पाऊण लाख तिथेच उतरतील.

"थांबून पोलो किंवा बलेनो आरएस पाहू का" असंही तू शेवटी लिहिलंस. बलेनो आरएस २०१७ ते २०२० विकली गेली, १०२ पीएस, चांगली गाडी, पण आता पार्टसाठी फोन करत बसशील. पोलोचं १.० टीएसआय टर्बो इंजिन, ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर, चालवायला या दोघींच्याही वर, माझ्या मते. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, मागची सीट आबांसाठी नाहीच. हौस वेगळी, घर वेगळं.

आता धनी. अशा गाड्या पहिल्यांदा कोण घेतं? तुझ्याच वयाची पोरं. त्यांतली काही गाडी जपतात, काही पहिल्याच महिन्यात लॅपटॉप लावून कॉम्प्युटरचं गणित बदलून घेतात, १२० ची १५० करतात. विकताना पुन्हा मूळ गणित भरतात आणि तोंडावर बोट ठेवतात. क्लच मात्र खोटं बोलत नाही. चालवून बघताना पाचव्या गिअरमध्ये, ६० च्या वेगाला, एकदम पूर्ण दाब. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग जागीच राहिला, तर क्लच संपलाय, आणि एवढ्या कमी किलोमीटरला तो का संपला हे विचार. मग तिसऱ्यात १५०० आरपीएमपासून ४५०० पर्यंत सलग दाबून जा. जोर एका लयीत वाढला पाहिजे, मध्ये गचके किंवा फुसफुस नको. बारीक शिट्टी चालते. हवा सुटल्यासारखा आवाज आला तर पाइप फाटलाय किंवा क्लिप सैल आहे.

गाडी सकाळी सात वाजता, मालकाच्या दारात, थंड असताना सुरू करायला लाव. "तुम्ही येणार म्हणून आधीच गरम करून ठेवली" असं म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ऑइलची पट्टी काढून पाहा, टर्बोच्या आजूबाजूच्या नळ्यांवर ओलसर ऑइल आहे का ते पाहा. सायलेन्सर आणि एअर फिल्टर कंपनीचेच आहेत का? सर्व्हिसची नोंद वर्कशॉपमधून नंबर सांगून काढून घे, विकणाऱ्याने दाखवलेल्या शिक्क्यांवर जाऊ नकोस. वॉरंटी किती शिल्लक आणि ती तुझ्या नावावर होते का, हेही तिथेच विचार. स्कॅनर लावून बिघाडांचे जुने कोड वाचायला कोणताही जाणता मेकॅनिक पाच मिनिटं घेतो. विकणारा त्याला नाही म्हणत असेल तर चहा न पिताच ऊठ.

माझं उत्तर असं. दोन्हींचे पहिले मालक सारखेच नीट निघाले, तर तुझ्या घराला आर-थ्री रेसर. गाडी तुझ्या एकट्याची असती, तर मॅन्युअल एन लाइन, आणि मीही तीच घेतली असती. आणि एकीचा मालक जपणारा, दुसरीचा दामटणारा निघाला, तर वर लिहिलेलं सगळं विसरून जपणाऱ्याची घे, बोनेटवर नाव कोणतंही असू दे. जायच्या आधी आबांना मागच्या सीटवर बसवून फैजपूरपर्यंत एक फेरी मार, लाटांच्या रस्त्याने, दोन्ही गाड्यांत. वाटेत त्यांना काही विचारू नकोस. घरी उतरताना ते दरवाज्याला हात कसा धरतात तेवढं बघ.